मुद्देमालातली वाटी

कोर्टात मला एक टोपणनाव आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कॅन्टीनमध्ये चहा घेत बसले की मागच्या टेबलावरून कानावर येतं: पार्टिशनवाली बाई. सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं की टोपणनाव पडायलाही थोडी कर्तबगारी लागते, तेव्हापासून सोडून दिलं.

मी बचाव पक्षाची वकील. बलात्काराच्या केसेसमध्ये आरोपीच्या बाजूने उभी राहते. ‘बाई असून?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झालाय की हल्ली मी ‘हो, बाई असून’ म्हणते आणि पुढच्या विषयाला लागते. खरं म्हणजे बाई आहे म्हणूनच कामं येतात. आरोपीच्या घरच्यांना वाटतं, आपल्याकडून बाई वकील उभी राहिली की बरं दिसतं. माझा आवाज खणखणीत आहे, हे त्यांना नंतर कळतं.

लोकांना सिरियल बघून वाटतं की अशा केसमध्ये पुरावा म्हणजे प्रयोगशाळा, डीएनए आणि काचेच्या नळ्या. फाइल उघडली की प्रत्यक्षात काय निघतं? एक चादर. एक डॉक्टरी कागद, ज्यावर ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहिलेलं असतं. हे वाक्य कुठल्याही दिवशी कुणाहीबद्दल लिहिता येईल. आणि मग उरतात दोन माणसं. एक म्हणते झालं, दुसरा म्हणतो नाही. त्या दोघांच्या मधे मी एक भिंत उभी करते. लाकडाची.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा केसेस आमच्याच भागातल्या. लालबाग, परळ, काळाचौकी. चाळीतल्या खोल्या. तिथे माझं ठरलेलं भाषण असतं. ‘तेरा खोल्या, सर. एक गॅलरी. दोन खोल्यांच्या मधे लाकडी पार्टिशन, तेही वर पोटमाळ्यापाशी उघडं. या घरात फोडणी दिली की त्या घरात ठसका लागतो. आणि या बाईंचं ओरडणं तेरा खोल्यांत एकालाही ऐकू आलं नाही?’ इथे मी थांबते. दोन सेकंद. मग बसते. नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदलले, आम्ही अजून जुनेच तोंडात घोळवतो, पण हे भाषण आहे तसंच चालतं.

चालतं, कारण मी ते मनापासून म्हणते. मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. आई आणि भाऊ अजून तिथेच असतात. शेजारच्या घरातला खोकला कोणाचा, हे मला झोपेतही सांगता यायचं.

आमच्या धंद्यात दोन पथ्यं असतात. अशिलाला ‘तू केलंस का?’ असं कधी विचारायचं नाही. आणि उलटतपासात एक प्रश्न जास्त विचारायचा नाही. दोन्ही मी कडक पाळते. पथ्याच्या बाबतीत मी फक्त जेवणात कच्ची आहे.

तर ही केस लालबागमधली. माझा अशील तिशीतला, कुरियर कंपनीत कामाला, मंडळाचा कार्यकर्ता. फिर्यादी बाई त्याच्या मित्राची बायको. मंडळाच्या दिव्यांच्या माळा या मित्राच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या असत. अशिलाचं म्हणणं, मी दुपारी माळा घ्यायला गेलो, पाच मिनिटांत घेऊन बाहेर पडलो. तिचं म्हणणं, त्याने दार लावून घेतलं. दोघांच्या म्हणण्यात फरक फक्त एका लावलेल्या दाराचा, पण त्या फरकापायी किमान दहा वर्षांची शिक्षा होती. तो वर्षभर आत होता. त्याची आई प्रत्येक तारखेला यायची, बाकावर बसायची आणि मला काहीही न विचारता नुसती बघायची. विचारणारे परवडतात, हे असे बघणारे नाही.

फिर्यादीचा उलटतपास झाला तो बंद दरवाजाआड, नियमाप्रमाणे. सडपातळ बाई, माझ्या भाचीच्या वयाची. हात ओढणीत गुंडाळलेले. मी हळू आवाजात विचारत गेले. ओरडणारा वकील कोर्टाला आवडत नाही, आणि मलाही नाही.

‘तुम्ही ओरडलात?’

‘ओरडले. दोनदा.’

‘कोणी आलं?’

‘नंतर वाटी आली.’

‘वाटीचं राहू द्या,’ मी म्हटलं. ‘माणूस आलं का कोणी? दार वाजवलं?’

‘नाही.’

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं: ‘मी ओरडले. कोणीही आले नाही.’ आमच्याकडे साक्षीदार बोलतो एक आणि टाइप होतं त्याचं सार. त्या सारात वाटी मावली नाही. मी जन्माने चाळीतली, मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण त्या क्षणी मी चाळीतली नव्हते, मी उलटतपासात होते.

पुढची साक्ष शेजारच्या बाईंची होती. तिने माझ्या अशिलाला दारात पाहिलं होतं, म्हणून सरकारी वकिलांनी तिचं नाव यादीत घातलेलं. पण पोलिसांना दिलेल्या जबाबात तिने ‘घरी होते, काही ऐकलं नाही’ असंही सांगून ठेवलं होतं. माझ्यासाठी ती लॉटरी होती. तीन प्रश्न विचारायचे आणि खाली बसायचं.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मी आईकडे जेवायला गेले. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. जेवून झाल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं आज प्रयोग करूनच बघू. इतकी वर्षं पार्टिशनवर बोलते, एकदा मोजून तर घेऊ. आईला गॅलरीच्या पार टोकाला, नळापाशी उभं केलं. भाऊ-वहिनी बाहेर गेले होते. मी दार लावलं. आमच्याकडे दुपारी दार लावणं हीच मुळात बातमी असते. आणि पन्नाशीला टेकलेली मी, खोलीच्या मधोमध उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘सोड मला!’ मग लाज वाटली. पण प्रयोग तो प्रयोग, म्हणून आणखी एकदा ओरडले.

शेजारच्या काकूंच्या टीव्हीचा आवाज वाढला.

बाकी काही नाही. एक दार उघडलं नाही, एक चप्पल वाजली नाही. मी वाट बघत उभी. शेवटी आईच सावकाश चालत आली.

‘ऐकू आलं?’

‘नळापर्यंत इला,’ आई म्हणाली. ‘खालच्या माळ्यावर पण इला असतला.’

‘मग कोणी आलं कसं नाही?’

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी वकिलीची परीक्षा पास कशी झाले याचाच तिला संशय आला असावा. ‘कोण येतला गो? असा धावान इला तर बाईची अब्रू जाता. टीव्ही मोठो करूचो, म्हणजे तिका वाटात कोणी आयकूक नाय. मगे वाटी घेवन जावचा. तिका सांगूचा असला तर सांगतली.’

मी हसले. म्हटलं, आई, तुझं काहीतरीच.

अर्ध्या तासाने काकू आल्या. हातात झाकलेली वाटी. ‘जरा शिरा केला होता, म्हटलं तू आलीयस.’ वाटी दिली, माझा चेहरा एकदा नीट बघितला, हात बघितले, आणि गेल्या. त्यानंतर कोपऱ्यातल्या घरातून वाटीभर सोलकढी आली. आमच्याकडे सोलकढी आहे हे त्या घराला वासावरून नक्की माहीत होतं. संध्याकाळपर्यंत तिसरी वाटी आली, त्यात तळलेल्या चार मांदेली. कोणी काही विचारलं नाही. माझं नवऱ्याशी बिनसलंय आणि मी आईच्या घरी येऊन त्याच्याशी फोनवर भांडले, असं मजल्याने ठरवलं असणार. मला एवढं हसू येत होतं की शिरा खाताना ठसका लागला.

आई मात्र तिन्ही वाट्या ओट्यावर ओळीने मांडत होती. ‘माझ्या टायमाक सात-सात वाट्यो येयत,’ ती सहज म्हणाली.

माझं हसू तिथेच थांबलं.

वडील गिरणी बंद पडल्यावरच्या काळात फार चिडायचे. ते मला आठवतं, पण आठवतं ते असं: बाबा चिडले की आपल्याकडे गोड येतं. लापशी, शिरा, रव्याचा लाडू. मी पाच-सहा वर्षांची होते. आई मोरीत तोंड धूत असायची आणि दारात वाट्या यायच्या. एकदा तर मी शेजारच्या मुलीला फुशारकी मारली होती की आमच्या घरी तुमच्यापेक्षा जास्त गोड येतं. ती मुलगी काही बोलली नव्हती. तिने ऐकलेलंच होतं ना सगळं. पन्नास वर्षांची होत आले आणि माझ्याच घरातला पुरावा मला त्या दिवशी कळला. मला आईला मिठी मारायची होती, पण आमच्याकडे ती पद्धत नाही, म्हणून मी भांडी घासली.

घासता घासता ते वाक्य आठवलं. ‘नंतर वाटी आली.’

हात पुसून मी फाइल काढली. रविवारी फाइल बरोबर असते, हा माझ्या घरच्यांचा जुना वैताग. पंचनामा होता दुसऱ्या दिवशीचा. पोलिसांनी त्या खोलीतून चादर, ओढणी, दिव्याची फुटलेली माळ वगैरे जप्त केलं होतं. अनुक्रमांक सात: ‘ओट्यावरील स्टीलची वाटी, ताटलीने झाकलेली, आत शेवयांची खीर, साय धरलेली, न खाल्लेली. वाटीवर काही अक्षरे कोरलेली.’ गुंगीचं औषध घातलं असेल या शंकेने त्यांनी खीर तपासायला पाठवली होती. अहवाल आला, तसलं द्रव्य आढळलं नाही. एवढ्यावर वाटीचं काम संपलं. ती कोणाची, हे कोणी विचारलंच नाही, कारण ज्याच्या ओट्यावर वाटी त्याची खीर, असं तपास करणाऱ्या साहेबांना वाटलं. वाटीवरची अक्षरं कोणी वाचली नाहीत. आमच्याकडे लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं, ते याचसाठी की अशी वाटी चार घरं फिरून पुन्हा आपल्याच घरी यावी.

कोर्टात जप्त वस्तू पारदर्शक पिशव्यांत, लाखेच्या शिक्क्यासह टेबलावर मांडतात. साक्षीच्या दिवशी मी लवकर गेले आणि चष्मा लावून पिशवी क्रमांक सात वाचली. दोन आद्याक्षरं आणि एक आडनाव. साक्षीदारांच्या यादीत तेच आडनाव होतं. शेजारच्या बाईंचं.

तिने ऐकलं होतं.

आता नीट सांगते, नाहीतर कोणी म्हणेल हिने खीर बघून माणसाला गुन्हेगार ठरवला. वाटी म्हणजे बलात्कार नव्हे. वाटीचा अर्थ इतकाच की ओरडणं झालं आणि ते ऐकू आलं. का ओरडली, ते वाटीला माहीत नाही. पण माझा सगळा बचाव कोणाला काही ऐकूच आलं नाही, यावर उभा होता. आणि ही गोष्ट कोर्टाच्या त्या खोलीत कळलेली मी एकटी. सरकारी वकील बंगल्यात वाढलेले, सज्जन माणूस, त्यांच्याकडे शेजारी फोन करून येतात. त्यांना जाऊन सांगणं शक्य नव्हतं. मी अशिलाची वकील. त्याच्याविरुद्ध जाईल असं तोंडातून काढलं तर मग माझ्या काळ्या कोटाला काही अर्थ नाही.

बाई साक्षीला आली. साठीची, कोर्टासाठी ठेवणीतली साडी नेसलेली. सरकारी वकिलांनी विचारलं, आवाज ऐकला का? ‘नाही. टीव्ही मोठा होता.’

टीव्ही कधी मोठा करतात, ते मला गेल्याच रविवारी कळलं होतं.

मी उठले. ‘मधे लाकडी पार्टिशन आहे?’ ‘हो.’ ‘टीव्ही चालू असताना त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात?’ ‘येतात. मोजता येतात.’ ‘आणि त्या दुपारी ओरडण्याचा आवाज?’

तिने टेबलाकडे पाहिलं. पिशवी क्रमांक सातकडे. ‘नाही,’ ती म्हणाली.

मी बसले. अगदी पुस्तकात शिकवतात तसा उलटतपास.

बाहेर जिन्यापाशी ती माझी वाट बघत उभी होती. ‘मॅडम, एक विचारू? ती वाटी...’

मला वाटलं परत मागतेय. मी म्हटलं, ‘आत्ता नाही मिळणार.’

‘नको मला. तिने त्यातलं खाल्लं होतं का हो काही?’

एवढी वर्षं लोकांना प्रश्न विचारण्यात गेली, पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ‘नाही,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. ‘वेलची जास्त घातली होती. तिला आवडते म्हणून.’ मग पदर सारखा केला आणि कठड्याला धरून जिना उतरली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या आईला वाटी आणून देणाऱ्या सगळ्याजणी अशाच होत्या आणि त्यांच्यातल्या एकीनेही कधी दार वाजवलं नव्हतं. त्यांचा राग मला त्या दिवशी, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आला.

युक्तिवादाच्या दिवशी मी ठरवून गेले होते. एक दिवस उशिरा दिलेली फिर्याद, डॉक्टरी कागद, फोनचं रेकॉर्ड, या सगळ्यावर बोलायचं आणि पार्टिशनला हात लावायचा नाही. पाऊण तास बोलले. चांगलं बोलले. खाली बसणार एवढ्यात न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हसून म्हणाले, ‘काय मॅडम, आज पार्टिशन नाही?’

सरकारी वकीलसुद्धा हसले. टायपिस्ट हसली. म्हणजे टोपणनाव वरपर्यंत पोचलं होतं तर.

मी अर्धवट उठलेली, अर्धवट बसलेली. मागे पिंजऱ्यात माझा अशील. गप्प राहिले असते तर ते गप्प राहणंच त्याच्याविरुद्धचा पुरावा झालं असतं. साहेबांनी लगेच ओळखलं असतं की जिचं हे हुकमी पान ती ते टाकत नाही, म्हणजे काहीतरी आहे. मला जे कळलं होतं त्याची शिक्षा माझ्या गप्प राहण्याने त्याला व्हायची. तशी शिक्षा देण्याचा मला अधिकार नव्हता. हे मी आजही मानते.

मी उभी राहिले. ‘तेरा खोल्या, सर,’ म्हटलं. ‘एक गॅलरी.’ पुढचं जिभेने स्वतःच म्हटलं. फोडणी, ठसका, सगळं. दोन सेकंद थांबलेसुद्धा.

संशयाचा फायदा देऊन तो सुटला. निकालपत्रात माझ्या भिंतीला स्वतंत्र परिच्छेद होता. शेवटी नेहमीचं कलम: अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल क्रमांक एक ते सात निरुपयोगी असल्याने नष्ट करावा. फिर्यादी आली नव्हती. अशिलाच्या आईने माझ्या हातात पेढ्यांचा पुडा कोंबला आणि वर्षभरात पहिल्यांदा बोलली, ‘मॅडम, देवासारख्या उभ्या राहिलात.’

तो पुडा घेऊन मी दादरला घरी न जाता काळाचौकीला गेले. आई टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती.

‘काय झाला केसचा?’

‘जिंकले.’

तिने पेढ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मोरीत गेले. नळ सोडला. रडणं असं येतं हे मी विसरले होते, आवाजासकट येतं. नळाच्या पाण्यात ते काही झाकलं गेलं नाही. बाहेर आईने टीव्ही मोठा केला. मग पार्टिशनपलीकडे काकूंनीही केला.

अर्ध्या तासाने दारात काकू उभ्या होत्या. ‘शेवयांची खीर केली होती जरा.’ वाटी ओट्यावर ठेवली, माझा चेहरा एकदा पाहिला आणि गेल्या. ताटली काढून बघितली. वेलचीचा वास आला. मला ती खाता आली नाही.